चिठ्ठी वाचणार कोण?

रोज संध्याकाळी तेच! दिवसभर भाताची रोपं लावून कंबर मोडलेली, चूल पेटवतेय तोवर धाकटा दप्तरातून भिजलेली चिठ्ठी काढतो. कन्नडात. "आई, उद्याच आणायचंय!" काय, ते मात्र आठवत नाही. आम्ही कर्नाटकातल्या खानापूरकडची मराठी माणसं, 'बर्री, ऊटा आतेनरी' (या, जेवण झालं का) एवढं कन्नड बाजारात चालवून नेतो, पण वाचायचं कुणी? सासूबाई म्हणतात, थोरलीला विचार. थोरली चौथीत. अक्षरं लावत लावत ती 'नाळे' एवढंच सांगते. अगं बाई, नाळे म्हणजे उद्या, तेवढं मलाही कळतं! परवा तर त्याला कडेवर घेऊन, बांधावरून घसरत पलीकडच्या वाडीत गेले वाचून घ्यायला. चिठ्ठी गेल्या आठवड्याची निघाली.