‘ऑपरेशननंतर पेशंटला हलवू नका’ या मेसेजला वॉर्डातून उत्तर

ऑपरेशन झालेल्या माणसाची काळजी कशी घ्यावी, याचे मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर सतत फिरत असतात. शब्द बदलतात, सूचना साधारण त्याच असतात. पेशंटला आठ दिवस पलंगावरून उठू देऊ नका, टाके तुटतात. चोवीस तास पाण्याचा थेंब देऊ नका, त्याऐवजी रोज सलाईन लावायला सांगा, ताकद येते. दुखण्याचं इंजेक्शन टाळा, सवय लागते आणि किडनी जाते. भात, दही, आंबट बंद करा, जखम पिकते. आणि रात्री सिस्टर बीपी बघायला उठवतात ते कागद भरण्यासाठी, त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

मी सर्जिकल वॉर्डात काम करते. हे मेसेज पाठवणाऱ्यांच्या मनात माया असते हे मला माहीत आहे. पण त्यावर विश्वास ठेवून पेशंट खरोखरच पडून राहतात आणि त्याची किंमत त्यांच्या फुप्फुसांना, पायांना आणि पाठीच्या कातडीला मोजावी लागते.

आधी पडून राहण्याचं. उठून बसल्याने पोटाचे टाके तुटत नाहीत. पोट थराथरांनी शिवलेलं असतं, जोर पेलतो तो आतला चिवट पडदा, आणि तो शिवताना खोकला, शिंक, उलटी यांचा ताण धरलेलाच असतो. धोका वेगळीकडे असतो. पोटाला चिरा असला की माणूस दुखतं म्हणून वरवर श्वास घेतो. उताणं पडून राहिल्यावर फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही, कफ तिथेच साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून टाक्यांवर उशी दाबून धरून खोकायला आम्ही शिकवतो. तीन बॉलचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं साधन, दिलं जातं तेही याचसाठी. ते बहुतेक घरांत उलटं वापरलं जातं. ते फुंकायचं नसतं, नळी ओठांत धरून श्वास सावकाश आत ओढायचा असतो. जागेपणी दर तासाला साधारण दहा वेळा.

दुसरा धोका पायांत. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. ते थांबलं की रक्त संथ होतं आणि खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर तेल लावून चोळू नका. मायेने केलेली ती मालिशच गुठळी सुटायला कारण ठरू शकते. उठता येत नसेल तोवर पावलं वर-खाली हलवत राहायची, ते कुणालाही जमतं.

तिसरं, कातडी. माकडहाड आणि टाचा आम्ही दर पाळीला का बघतो, तर तिथली लाली बोटाने दाबूनही फिकी पडत नसेल तर आत इजा सुरू झालेली असते. आपल्यातल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही, म्हणून हात लावून ती जागा गरम किंवा टणक लागते का ते पाहावं लागतं. ज्याला स्वतः वळता येत नाही त्याला साधारण दोन-दोन तासांनी कूस बदलून द्यायची. मेडिकलमधून हवेची गोल रिंग आणू नका. तिच्या कडेने दाब वाढतो आणि मधल्या कातडीचं रक्त तुटतं.

एकेकाळी डॉक्टरही पोटाच्या ऑपरेशननंतर दोन-दोन आठवडे झोपवून ठेवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेशंटना लवकर उठवायला सुरुवात झाली आणि ते जास्त लवकर बरे होतात हे दिसत गेलं. पुढे १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी लवकर चालवणं, लवकर खायला देणं आणि दुखणं नीट आवरणं हे सगळं एकत्र बांधून दाखवलं. मणक्याची काही ऑपरेशनं, कातडीचा तुकडा बसवलेली जखम, अजून न बसवलेलं फ्रॅक्चर यांत झोपून राहावं लागतं, पण ते डॉक्टर आपणहून सांगतात. उठवतानाही आम्ही हात धरून एकदम उभं करत नाही. कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडून बसवायचं, चक्कर येते का विचारायचं, मग उभं करायचं. लघवीची पिशवी चालतानाही कमरेच्या खालीच धरायची, नाहीतर लघवी उलटी मूत्राशयाकडे जाते.

आता सलाईन. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. ताकद शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. एक भाकरी त्याहून कमी देत नाही. सलाईन तोंडाने पाणी जात नसताना, रक्तस्रावात, औषध देण्यासाठी जीव वाचवतं. पण पेशंट पीत-खात असताना हट्टाने लावलेली बाटली म्हाताऱ्या माणसाच्या, हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटच्या फुप्फुसात पाणी साचवू शकते. पाणी कधी द्यायचं हे ऑपरेशनवर अवलंबून आहे. आतडं जोडलं असेल तर सर्जन ठरवतील, पण बऱ्याच साध्या ऑपरेशननंतर काही तासांतच घोटघोट पाणी सुरू होतं. त्याआधी आम्ही बघतो की माणूस पूर्ण शुद्धीवर आहे का, गिळता येतंय का, मळमळ किंवा पोटफुगी आहे का. तुम्ही ठरवून चोवीस तास थांबवू नका, आणि आम्ही नको म्हटल्यावर गुपचूप चमच्याने पाजूही नका.

दुखण्याबद्दलचा गैरसमज मला सगळ्यात क्रूर वाटतो. आपल्याकडे, विशेषतः वडीलधारी माणसं, “काही नाही गं, बरं आहे” म्हणत दात आवळून पडून राहतात. म्हणून मी नुसतं दुखतं का विचारत नाही, खोकून दाखवा म्हणते. जो खोकू शकत नाही त्याचं दुखणं आवरलेलं नाही, आणि तो ना खोल श्वास घेणार, ना चालणार. मेसेजमधला किडनीचा धागा अर्धा खरा आहे. डायक्लोफेनॅकसारखी औषधं किडनीच्या पेशंटला, शरीरातलं पाणी कमी झालेल्याला घातक ठरू शकतात. पण त्यासाठीच आम्ही जुने आजार विचारतो आणि लघवी मोजतो. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त चार ग्रॅम, वजन कमी असेल किंवा लिव्हर खराब असेल तर त्याहून कमी. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन यांच्या गटातली औषधं ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस देखरेखीखाली दिली तर व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते.

भात-दह्याने जखम पिकत नाही. जखम पिकते जंतूंनी, आणि त्यांना मदत करतात आटोक्यात नसलेली साखर, तंबाखू-विडी आणि न धुतलेल्या हातांनी उचकलेलं ड्रेसिंग. दही, डाळ, अंडं बंद केलं तर जखम भरायला लागणारं प्रोटीनच बंद होतं, आणि लिंबू-आवळा बंद केला तर क जीवनसत्त्व.

राहिलं रात्रीचं उठवणं. झोपमोड होते हे खरं आहे, आणि स्थिर पेशंटची तपासणी, औषध, कूस बदलणं एकाच वेळी उरकून त्याला सलग झोपू द्यायला हवं, ही तक्रार मला मान्य आहे. पण पहिल्या रात्री नाही. पोटात आत रक्त जात असेल तर बाहेर काही दिसत नाही. मोठ्या माणसाच्या अंगातलं पाऊण ते दीड लिटर रक्त गेलं तरी पडलेल्या अवस्थेत वरचं बीपी बऱ्याचदा जवळपास ठीकच असतं. त्याआधी नाडी वाढते, श्वास वाढतो, लघवी घटते. साठ किलोच्या माणसाची लघवी तासाला तीस मिलीच्या खाली जाऊ लागली तर आम्ही सावध होतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये वॉर्डातल्या मोजमापांना गुण देण्याची जी पद्धत आणली, तिच्यात गुण जितके जास्त तितका धोका जास्त. मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत; २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी झाले तर थेट तीन, म्हणजे डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं. बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र तुम्हाला कोविडपासून ओळखीचं आहे, पण नाकाला ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी त्यावरचा आकडा बराच वेळ चांगला दिसू शकतो. म्हणून मनगट धरलेली सिस्टर नाडी मोजून झाल्यावरही हात सोडत नाही. ती छातीकडे बघून श्वास मोजत असते. सांगून मोजले तर माणूस श्वास बदलतो.

आणि मॉर्फिन, ट्रॅमाडॉल दिलेल्या पेशंटला हाक मारून उठवतो, कारण गाढ झोप आणि औषधाची गुंगी लांबून सारखीच दिसते. श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. हाक मारल्यावर डोळे न उघडणं, एरवी नीट बोलणाऱ्याने अचानक असंबद्ध बोलणं, धाप, थंड घामेजलेलं अंग, भराभर वाढत जाणारं किंवा दगडासारखं टणक झालेलं पोट, रक्ताने भिजत चाललेलं ड्रेसिंग, सहा तास लघवी नाही: यातलं एकही दिसलं तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका, रात्री कितीही वाजले असले तरी सिस्टरला बोलवा.