लग्न, साईज 2 केबी

आण्णा पीककर्जाची कागदं प्रिंट काढायला पेनड्राईव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि येताना प्रिंटबरोबर व्हायरस फुकट घेऊन आले. दुकान कुठलं ते सांगत नाही, आमची उधारी तिथंच चालते.

घरच्या कॉम्प्युटरला लावला तर आतली सगळी फोल्डरं शॉर्टकट, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो बारका वाकडा बाण. आण्णांनी एकेकावर डबल क्लिक करून बघितलं आणि मग "ह्योच बिघडलाय का सगळंच" हे तपासायला ताईच्या लग्नाचा पेनड्राईव्ह पण लावला. तोपण गेला. हळदीपासून पाठवणीपर्यंत अख्खं लग्न, साईज 2 केबी!

आईनं सूर लावला आणि गल्ली गोळा झाली. मंगळवार पेठेत सल्ल्याला पैसे पडत नाहीत. शेजारचे मामा म्हणाले, "फॉरमॅट मार लेका, विषय संपला." मामांना काहीही झालं तरी फॉरमॅटच सुचतंय, खड्डा बुजवायला सांगितला तर रस्ताच फॉरमॅट करतील. चुलतभाऊ म्हणाला, "दोन अँटीव्हायरस टाक, एकाचं दुसऱ्यावर लक्ष ऱ्हातंय." अरे बाबा, दोन टाकले की ते व्हायरस सोडून एकमेकांनाच धरतात, खासबागेच्या मैदानात कुस्तीची जोड लावल्यागत, आणि चीतपट होतं ते मशीन.

खरंतर फायली कुठं गेलेल्याच नसतात. हा व्हायरस त्यांना हिडन करून ठेवतो आणि त्या जागी शॉर्टकट मांडतो, आपण क्लिक केलं की फोल्डर पण उघडतं आणि मागच्या मागं त्याची स्क्रिप्ट, म्हणजे त्याचा छोटा प्रोग्राम, पण चालते, म्हणजे कुणाला संशयच नको. पेनड्राईव्ह लावला की आपोआप चालू व्हायची सोय मायक्रोसॉफ्टनं 2011 मध्ये जुन्या विंडोज एक्सपीवर पण बंद केली, त्यामुळं आता ह्यांना आपलंच बोट लागतं. आणि आण्णांचं बोट कायम तयार.

मी आधी टास्क मॅनेजरमध्ये जाऊन ती स्क्रिप्ट मारली, स्टार्टअपमधनं तिला काढली, मग विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसचा ऑफलाईन स्कॅन लावला. हा क्रम सोडला तर इकडं शॉर्टकट डिलीट करा, तिकडं परत हजर. स्कॅन चालू, स्क्रीनवर नुसते टक्के, आणि माझ्या पाठीमागं चहाचे कप घेऊन सगळं सभागृह. "अडकलंय वाटतं." "बंद करून चालू कर की." मामांचा हात दोनदा बटणाकडं गेला, शेवटी मी स्विचबोर्डाला पाठ लावूनच बसलो. शेवटी कमांडच्या काळ्या खिडकीत, हिडन फायली परत दाखवणारी ॲट्रिबची एक ओळ मारली, एंटर दाबला आणि लग्न परत आलं.

"एवढंच हुतं व्हय?" इति मामा.

मग काय, तिथंच अल्बम बघणं सुरू. आत्या शेवटपर्यंत बघत होती आणि शेवटी म्हणाली, "माझं सगळं फोटो खाल्लं बघ त्या व्हायरसनं." आत्या मानपानावरनं रुसून लग्नभर खोलीतच बसली होती, हे घरात सगळ्यांना माहिताय. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "व्हय आत्या, लई वाईट व्हायरस हुता."