अंगठा लागत नाही म्हणून

2025 च्या दिवाळीत कोथरूडला मामांशी लाडकी बहीण योजनेवरून माझं भांडणच झालं. महिन्याला दीड हजार म्हणजे निवडणुकीआधी वाटलेली खिरापत, असं त्यांचं म्हणणं. शेवटी चिडून म्हणाले, "तुला काय, जर्मनीत बसून गरिबीवर लिहायचंय!"

हे मला लागलं. राज्यशास्त्राची प्राध्यापक मी झाले ती पुण्यातल्या वस्त्यांत घेतलेल्या मुलाखतींच्या जोरावर. जर्मनीत मुलीसाठी सरकार दरमहा अडीचशे युरोंहून जास्त रक्कम माझ्या खात्यात भरतं. अर्ज एकदाच केला, उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला नाही. त्याला इथे कुणी खिरापत म्हणत नाही.

2019 साली जनता वसाहतीत एका मावशींबरोबर रेशनच्या रांगेत उभी होते. चार घरची भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीनवर अंगठा लागेना. त्यांनी तो पदराला पुसला, केसांवरून फिरवला, पुन्हा टेकवला. "उद्या या," दुकानदार म्हणाला. उद्या यायचं म्हणजे कामाचा आणखी एक खाडा.

गरिबी मोजण्याचं मोठं काम पुण्यातच झालं. 1971 मध्ये इथल्या गोखले संस्थेतल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज 2,250 कॅलरींचा हिशेब मांडला आणि उपाय सुचवला तो सार्वजनिक कामांवरच्या रोजगाराचा. महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. मजुराने काम मागितलं की ते देणं सरकारवर बंधनकारक झालं. लाडक्या बहिणीला असा कायद्याचा आधार नाही, म्हणून निवडणूक झाली की यादी छाटता येते. मामांचा मतांचा मुद्दा इथे खराच आहे. पण द्यावं की नाही यावर घराघरांत वाद झडतात, आणि दिलेलं हातात पडेपर्यंत बाईला किती खेटे घालावे लागतात, ते कुणी विचारत नाही. माझ्या वीस वर्षांच्या कामाचा विषय हाच आहे, आणि जर्मनीत एकाही खेट्याशिवाय पैसे मिळाल्यावर तो मला अधिकच बोचतो.

निघताना मी मामांना एवढंच म्हटलं, आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंची लाडकी बहीणची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालं का, ते विचारा.

रविवारी त्यांचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "अगं, नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागतायत. तिचे दोघंही वारलेत. ओटीपी कोणाच्या फोनवर येणार?"