पोस्टरवरील बाईचे डोके

ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर जेम्स बाँडच्या जुन्या चित्रपटांची जी चित्रे दिसू लागली, त्यांतून बाँडचे पिस्तूल पुसून टाकलेले होते. 'डॉक्टर नो'च्या चित्रातील, बाँड झालेला शॉन कॉनरी नुसती हातांची घडी घालून उभा होता. एसटीची वाट पाहत असावा, तसा. जगभरच्या चाहत्यांनी गदारोळ केला आणि काही दिवसांतच ती चित्रे काढून त्या जागी चित्रपटांतील दृश्ये लावण्यात आली. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर या प्रकाराचा सर्वांत कडक निषेध माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, नोंदवला. पोस्टर हा इतिहास आहे आणि इतिहासात खाडाखोड चालणार नाही, असे त्याचे म्हणणे. ते मला मान्यच आहे. मात्र त्या पोस्टरांवर बाँडशेजारी जी बाई उभी असते, तिच्या बाबतीत ही खाडाखोड पहिल्या दिवसापासून चालू आहे, आणि तिच्याविषयी आपण चाहत्यांनी कधी आवाज केला नाही, एवढेच मला सांगायचे होते. गटावर ते धड सांगता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम त्या पिस्तुलाविषयी. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) च्या प्रसिद्धीसाठी छायाचित्रे काढायची होती, तेव्हा बाँडचे नेहमीचे वॉल्थर पीपीके आणायचे राहून गेले. छायाचित्रकार डेव्हिड हर्न यांनी आपली स्वतःची, नेमबाजीच्या सरावाची लांब नळीची हवेची बंदूक कॉनरीच्या हातात दिली. नळी नंतर चित्रकार आखूड करतील, असे ठरले होते. पण बऱ्याच ठिकाणी ती तशीच राहिली आणि पुढे तीच बाँडची ओळख होऊन बसली. ज्या पिस्तुलासाठी आपण एवढे भांडलो, त्याचे सर्वांत गाजलेले चित्र हे मुळात छर्रे मारण्याच्या बंदुकीचे आहे. ही गोष्ट चाहत्यांमध्ये कौतुकाने सांगितली जाते, आणि सांगावी अशीच ती आहे.

आता बायकांकडे वळते. 'गोल्डफिंगर' (१९६४) म्हटले की सोन्याने मढवलेली स्त्री डोळ्यांसमोर येते. चित्रपटात ती शर्ली ईटन आहे; परंतु श्रेयनामावलीत आणि पोस्टरवर जिच्या सोनेरी देहावर दृश्ये उमटवली आहेत, ती मार्गारेट नोलन आहे, जिला प्रत्यक्ष चित्रपटात एक लहानशी भूमिका मिळाली. 'डॉक्टर नो'मध्ये समुद्रातून बाहेर येणाऱ्या उर्सुला अँड्रेसचा आवाज तिचा नाही, तो निकी व्हॅन डेर झाइल यांचा आहे; 'थंडरबॉल'मधील क्लॉडिन ओजेलाही त्यांनीच आवाज दिला. देह एकीचा, आवाज दुसरीचा, पोस्टर तिसरीचे, आणि आपण मात्र साठ वर्षे 'बाँडची सर्वांत सुंदर नायिका कोण' या प्रश्नावर मतदान घेत आहोत.

माझ्या दृष्टीने या सगळ्याचा कळस म्हणजे 'फॉर युअर आइज ओन्ली' (१९८१) चे पोस्टर. दादाने ते १९८८ च्या सुमारास फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावरून आणले आणि आमच्या पुण्याच्या घरातील त्याच्या टेबलामागे चिकटवले. पुढे पाठमोऱ्या स्त्रीचे दोन लांबच लांब पाय, हातात क्रॉसबो (चाप ओढून बाण सोडायचे धनुष्य), आणि त्या पायांच्या कमानीत दूरवर, खेळण्यातल्या शिपायाएवढा, बाँड झालेला रॉजर मूर. स्त्री कमरेच्या थोडी वर संपते. गणपतीला आलेल्या आत्याने चष्मा पुसून ते चित्र बराच वेळ न्याहाळले. आता ओरडा बसणार म्हणून आम्ही दोघे गप्प उभे होतो. आत्या एवढेच म्हणाली, "अरे, हिचं डोकं कुठे राहिलं?"

तिकडे अमेरिकेत हे पोस्टर आले तेव्हा काही वृत्तपत्रांना तेवढे पायही जास्त वाटले. कुणी चित्र वरून कापले, तर कुणी त्या स्त्रीला चक्क आखूड चड्डी रंगवून घातली. (आपणही फार वेगळे नाही. २०१५ मध्ये 'स्पेक्टर' या बाँडपटातील चुंबनांची लांबी आपल्या सेन्सॉर बोर्डाने निम्म्यावर आणली होती.) म्हणजे वाद झाला तो कपडा किती असावा, याचा. आत्याचा प्रश्न कुणी विचारला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर असे की, डोके चित्रपटात आहे, आणि ते चांगले चालणारे डोके आहे. कॅरोल बुकेने रंगवलेली मेलिना हॅवलॉक आपल्या आईवडिलांची हत्या डोळ्यांदेखत पाहते आणि मारेकऱ्याचा माग काढत स्पेनपर्यंत पोहोचते. बाँड तेथे आपल्या कामासाठी आलेला असतो आणि पकडला जातो. नेमक्या त्याच वेळी तिचा बाण सुटतो, मारेकरी पडतो आणि त्या गोंधळात बाँडला निसटता येते. त्याची ऐटबाज लोटस गाडी स्वतःच्याच सुरक्षायंत्रणेमुळे उडते, तेव्हा मेलिनाची पिवळी, डबडी सिट्रोएन त्या दोघांना डोंगरउतारावरून पळवून नेते. तिला बाँड नको असतो. तिला सूड हवा असतो. बाँड वगळला तरी तिची गोष्ट उभी राहते, आणि मी कोणतीही बाँडनायिका याच एका कसोटीवर घासून पाहते.

पण चित्रपट तरी तिला शेवटपर्यंत न्याय देतो का? शेवटी हत्येमागचा खरा सूत्रधार क्रिस्टाटोस तिच्या क्रॉसबोसमोर उभा असतो. बाँड तिला थांबवतो, समजावतो. तेवढ्यात क्रिस्टाटोस चाकू काढतो आणि त्याला मारतो तो कोलंबो, म्हणजे तिसराच पुरुष. दोन तास जो बाण रोखून धरला होता, तो भात्यातच राहिला. बाँडचे म्हणणे नीतीच्या दृष्टीने बरोबर असेलही, पण हाच बाँड त्याच चित्रपटात एका मारेकऱ्याची कड्यावर लटकलेली मोटार लाथ मारून खाली ढकलतो. मला पोस्टरपेक्षा या शेवटाचा राग अधिक येतो.

दोनच वर्षांनी 'ऑक्टोपसी' आला, त्याचे आपल्याकडे अधिक अप्रूप, कारण उदयपूर, तळ्यातला महाल, कबीर बेदी आणि विजय अमृतराज. त्याच्या पोस्टरवर मॉड ॲडम्स बाँडच्या पाठीशी उभी आहे आणि तिचे अनेक हात त्याच्याभोवती वेढलेले आहेत. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे चित्र पाहून अष्टभुजा आठवल्याशिवाय राहत नाही आणि लगेच काहीतरी चुकल्यासारखे वाटते, कारण आपली अष्टभुजा कुणाच्या पाठीमागे उभी राहत नाही. चित्रपटातील ऑक्टोपसी सर्कस चालवते, हिऱ्यामोत्यांची तस्करी करते, केवळ स्त्रियांचे एक संस्थानच सांभाळते. एवढ्या कर्तबगार बाईच्या इतक्या हातांना पोस्टरवर नेमून दिलेले मुख्य काम म्हणजे बाँडला कवटाळणे.

दादाचा आक्षेप असा की, मी पोस्टरकडून भलतीच अपेक्षा करते. पोस्टरचे काम तिकीट विकणे, चरित्र सांगणे नव्हे. मान्य. पण १९८५ च्या 'अ व्ह्यू टू अ किल'च्या एका पोस्टरवर ग्रेस जोन्स आणि रॉजर मूर पाठीला पाठ लावून उभे आहेत, आणि बाँडला अखेर तोडीस तोड भेटली की काय, असा प्रश्न वर छापला आहे. तेही तिकीट विकण्यासाठीच होते. 'डाय अनदर डे' (२००२) च्या पोस्टरवर हॅले बेरी जवळपास बाँड झालेल्या पिअर्स ब्रॉस्ननच्या बरोबरीने दिसते. माझ्या लेखी 'टुमॉरो नेव्हर डाइज'मधील मिशेल योहची वाय लिन ही तिच्याहून सरस आहे, पण त्यावर स्वतंत्र पोस्ट लिहावी लागेल.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 'नो टाइम टू डाय'च्या वेळी पात्रांची स्वतंत्र पोस्टरे निघाली. लशाना लिंचची नोमी आणि ॲना डी आर्मासची पालोमा या दोघींनाही आपापला कागद मिळाला. चित्रपट देशात ३० सप्टेंबर २०२१ रोजी लागला. करोनामुळे बंद असलेली महाराष्ट्रातील चित्रपटगृहे मात्र २२ ऑक्टोबरला उघडली, त्यामुळे आम्हाला ती पोस्टरेच अधिक काळ पाहावी लागली. नोमीला ००७ हा क्रमांक मिळाला म्हणून समाजमाध्यमांवर केवढे रण माजले होते! प्रत्यक्षात तीच नोमी तो क्रमांक बाँडला परत द्यावा अशी विनंती वरिष्ठांना करते. आणि पालोमा? क्युबातील एका रात्रीपुरती येते, तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाच्या बळावर सगळ्यांना लोळवते आणि हसत निघून जाते. ती पुन्हा दिसत नाही, तरी प्रेक्षक बाहेर पडताना तिच्याविषयीच बोलत होते. याच्या अगदी विरुद्ध उदाहरण मोनिका बेलुचीचे. वयाच्या पन्नाशीत बाँडनायिका झाली म्हणून 'स्पेक्टर'च्या आधी तिचा केवढा गाजावाजा झाला आणि पडद्यावर ती आली मोजक्या मिनिटांसाठी. मोठे चित्र छापले म्हणजे मोठे काम दिले, असे नाही. आणि पाय छापले म्हणजे डोके नव्हते, असेही नाही.

म्हणून पिस्तूल पुसू नये, हे दादाचे म्हणणे मी पूर्ण मानते. ते पायही पुसू नयेत. फक्त ते कुणाचे आहेत, हे ठाऊक असावे. ते कॅरोल बुकेचे नाहीत. ते न्यूयॉर्कमधील जॉइस बार्टल नावाच्या मॉडेलचे आहेत, आणि पोस्टरच्या तळाशी निर्मात्यापासून संगीतकारापर्यंत सर्वांची नावे असताना तिचे नाव मात्र नाही. एवढे मी रविवारी रात्री गटावर लिहिले. गेली पस्तीसहून अधिक वर्षे ते पाय बुकेचेच समजून चाललेल्या दादाने त्यानंतर दोन दिवस 'सुप्रभात'सुद्धा पाठवलेले नाही.