जुनिपर बेरी तेलाला दिलेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार ताई,

आमचं जुनिपर बेरीचं तेल, म्हणजे जुनिपर या झुडपाच्या फळांचं सुगंधी तेल, चोळल्यावर गुडघ्याची आग झाली, लाल चट्टे उठले, हे तुमच्या रिव्ह्यूत वाचून वाईट वाटलं. तुम्हाला त्रास झाला, क्षमस्व. पण "टर्पेंटाइन मिसळून विकतात, १० मिलीला ७५० रुपये म्हणजे लूट" हे वाचून नवीन गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढणार नाही. भेसळखोर म्हटलेलं जिवाला लागलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

या तेलाला टर्पेंटाइनसारखा वास येतोच. जुनिपरच्या तेलात सर्वांत मोठा वाटा बहुधा अल्फा-पायनिनचा असतो आणि पाइनच्या राळेपासून काढलेल्या टर्पेंटाइनमध्येही बहुधा तोच मुख्य घटक असतो. तो पटकन उडतो, त्यामुळे बाटली उघडली की आधी तोच नाकात शिरतो. कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाका आणि अर्ध्या तासाने हुंगा. मागे लाकडासारखा, थोडा मिरीकडे झुकणारा वास राहील. तो टर्पिनेन-४-ऑलसारख्या सावकाश उडणाऱ्या घटकांचा. बाजारात या तेलात टर्पेंटाइन मिसळणारे आहेत, हे मी नाकारत नाही. पण ते नुसत्या वासावरून ठरत नाही, त्याला जीसी-एमएस तपासणी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी लागते. आमच्या प्रत्येक बॅचचा रिपोर्ट दुकानात असतो. तुम्ही एकदा विचारायला हवं होतं.

आता आग का झाली ते. "आठ-दहा थेंब थेट चोळले" असं तुम्हीच लिहिलंय. हे तेल नुसतं कधीच लावायचं नसतं. ३० मिली तिळाच्या तेलात १२ थेंब, म्हणजे साधारण २ टक्के, एवढंच पुरतं. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबायचं. शिवाय तुमच्या फोटोत बाटली खिडकीत उन्हात आहे आणि झाकण सैल आहे. हवा, ऊन आणि उष्णता लागली की तेलातल्या पायनिन, लिमोनीन या घटकांचं ऑक्सिडेशन होऊन हायड्रोपेरॉक्साइडं नावाची संयुगं तयार होतात आणि त्वचेला ॲलर्जी बहुधा त्यांचीच येते. उरलेलं तेल आता पातळ करूनही लावू नका. आंघोळीच्या पाण्यातही टाकू नका. ते विरघळत नाही, वर तरंगतं आणि तसंच अंगाला लागतं.

"वैद्य हपुषा पोटात देतात, मग हे का चालत नाही?" असंही तुम्ही विचारलंय. हपुषा म्हणजे जुनिपरच, झाड तेच, पण तिच्या चूर्णाचं प्रमाण तेलाला लागू होत नाही. तेल पोटात घेऊ नका. गरोदर बायकांनी आणि किडनीचा त्रास असलेल्यांनी तर त्यापासून लांबच राहावं.

किमतीचं म्हणाल, तर फळ पिकायला दोन-तीन वर्षं लागतात. एकाच काटेरी झुडपावर हिरवी आणि निळी फळं एकत्र असतात, त्यातली पिकलेली तेवढी वेगळी करावी लागतात. १०० किलो फळांतून तेल निघतं जेमतेम किलोभर, कधी त्याहूनही कमी. यात लूट कुठे आहे, तुम्हीच सांगा.

लेबलवरची "पातळ करूनच वापरा" ही सूचना पुढच्या छपाईत ठळक करायचं बघतो. बाटलीच्या तळाचा बॅच नंबर कळवा, रिपोर्ट पाठवतो. चट्टे गेले नसतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि जाताना ती बाटलीही न्या.

आपला,
दुकानमालक