या वयात कसली पाठदुखी?

आज शाळेत पालकसभा होती. तिथे जे ऐकलं ते संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

एका आईने उभं राहून विचारलं, दप्तराचं ओझं काही कमी करता येईल का, माझा मुलगा रोज पाठ चोळत घरी येतो. मागच्या बाकावरून एक बाबा म्हणाले, "अहो, या वयात कसली पाठदुखी? आम्ही नाही का उचलली दप्तरं?" अख्खा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. ती आई खाली बसली. मी तिच्या शेजारीच होते. तिने पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली. सभा संपेपर्यंत ती पुन्हा काही बोलली नाही.

मीही बोलले नाही. राग त्याचाच जास्त येतोय. कारण हेच वाक्य मी माझ्या लेकीला म्हणत होते. जून आणि जुलै, पूर्ण दोन महिने.

लेक सातवीत आहे. ठाण्यात वर्तकनगरमधली आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. शाळा सुरू झाल्यापासून ती रोज दुपारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसायची. दप्तर पाठीवरच, भिंतीला टेकून. मी वरून हाका मारायचे, अगं ये ना, भात गार होतोय. पाठ दुखतेय, म्हणायची. आणि मी म्हणायचे, या वयात कसली पाठदुखी, चल ये वर. मला वाटायचं अभ्यास टाळायची कारणं आहेत.

मग ऑगस्टमधल्या एका रविवारी रद्दीवाले काका आले. महिन्याची रद्दी सहा किलो भरली. काका काटा गुंडाळत होते, दप्तर दाराशीच पडलेलं होतं, सोमवारचं भरून ठेवलेलं. काय मनात आलं कोण जाणे, म्हटलं, काका, हे पण लावा जरा. त्यांनी दप्तराचा बंद काट्याच्या आकड्यात अडकवला. सात किलो दोनशे. काकांनी उतरवून काटा शून्यावर आलाय का ते पाहिलं आणि परत लावलं. पुन्हा सात किलो दोनशे. घरातली महिन्याभराची रद्दी एकीकडे आणि माझ्या पोरीचं एका दिवसाचं दप्तर एकीकडे, तर दप्तर जड. काका काही बोलले नाहीत. त्यांनी ते हलकेच खाली ठेवलं, एवढंच. लेकीचं वजन चौतीस किलो आहे.

त्या दिवशी मी दप्तर जमिनीवर उपडं केलं. दोनशे पानी वह्या पाच. गृहपाठाच्या वेगळ्या. क्लासचं जाडजूड गाईड, कारण शाळेतून परस्पर क्लासला जायचं असतं तेव्हा ते घ्यायला घरी कोण येणार? स्टीलची लिटरची बाटली. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो तिथेच झाला, बाटलीचं वेगळं. आणि शाळेत पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, पण त्याचं पाणी पिऊ नको असं मीच सांगितलेलं.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नका. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, हा आपल्या राज्याचा शासन निर्णय २०१५ चा आहे. तेव्हा ही लेक बोबडं बोलत होती. केंद्राचं दप्तर धोरण २०२० मध्ये आलं, त्यात सहावी-सातवीला दोन ते तीन किलो असं स्पष्ट लिहिलंय. दोन ते तीन! बालभारतीने २०२३ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांचे चार भाग केले, आत लिहायला पानं दिली, की वही न्यायला नको. आमच्याकडे पुस्तकात लिहिलेलं चालत नव्हतं, वही वेगळी हवीच. शेवटी २०२५ मध्ये ती पानंच काढून टाकायचा निर्णय झाला. मुलांच्या पाठीवर वह्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

डॉक्टरांकडे नेलं. हाडांचे डॉक्टर, वयस्कर, शांत. मी आत शिरल्या शिरल्या सात किलो दोनशे सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लेकीला खाली वाकायला लावलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. रात्री दुखून जाग येते का, ताप येतो का, पायाला मुंग्या किंवा बधीरपणा आहे का, वजन उतरलंय का, हे सगळं विचारलं. यातलं एखादं जरी असतं तर पुढच्या तपासण्या केल्या असत्या, म्हणाले. मग मला नाही, तिला विचारलं, "दिवसभरात बसतेस किती?"

आम्ही तिघांनी बोटांवर मोजलं. शाळेत साडेपाच तास बाकावर. क्लासला दोन तास. घरी पलंगावर पालथं पडून गृहपाठ, मग मान खाली घालून मोबाईल. "आणि खेळतेस कधी?" ती माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार होते?

तर मान्य. दप्तर एकटं गुन्हेगार नाही. दप्तराने मणका वाकडा होत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. तासन्‌ तास एका जागी बसणं, स्नायूंना काहीच काम नसणं, अपुरी झोप, परीक्षेची धास्ती, हे सगळं मिळून पाठ बोलायला लागते. पण म्हणून सात किलो दोनशे बरोबर ठरतात का? आधीच दमलेल्या पाठीवर तेवढं ठेवायचं आणि वर तीन जिने चढायला लावायचे?

आणि ते बाक! पाचवीच्या मुलालाही तेच, दहावीच्या मुलालाही तेच. माझ्या लेकीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पाय लोंबकळत असले की मूल पुढे सरकतं आणि कंबरेत वाकून बसतं. घरच्या टेबलाखाली आम्ही आजीचा जुना पाट ठेवलाय, त्यावर तिचे पाय टेकतात. शाळेत पाट कोण देणार?

बाकी जे केलं ते साधंच आहे. दोन्ही पट्टे खांद्यावर, आणि घट्ट. आधी दप्तर पार बुडाखाली लोंबायचं, तशीच फॅशन आहे म्हणे. जाड पुस्तक पाठीच्या बाजूला. बाटली अर्ध्या लिटरची, संपली की शाळेतच भरायची, मी स्वतः जाऊन पाण्याची मशीन पाहून आले. अर्ध्या तासाने उठून एक फेरी, मग गणित अर्धवट राहिलं तरी चालेल. एक क्लास बंद केला. त्यावरून सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकून घेतलं, आणि पैसे भरलेले होते म्हणून मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या वेळात ती खाली मुलींबरोबर बॅडमिंटन खेळते. शनिवारी-रविवारी उपवनला तळ्याभोवती चालायला नेतो. पहिल्या रविवारी अर्ध्यातच बसली होती. बारा वर्षांची मुलगी.

तिने मला कधीच ऐकवलं नाही की तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांकडून येताना रिक्षात तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे खरंच दुखत होतं ना, आई?" मला वाटलं तिला शंका माझ्याबद्दल असेल. तिला स्वतःबद्दलच वाटायला लागली होती.

म्हणून आजचं ते हसणं मला सहन झालं नाही. त्या बाबांना सांगते, दप्तरं आपल्या वेळीही जड होती. उगाच नाही केंद्र सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ साली या ओझ्यावर अहवाल दिला. पण आपण शाळेतून चालत यायचो, दप्तर फेकून दिवेलागणीपर्यंत लंगडी आणि डबाऐसपैस खेळायचो. ते खेळ मुलांकडून आपणच काढून घेतले आणि दप्तर तेवढं ठेवलं. आणि मूल दुखतंय म्हणालं की हसायचं? अहो, तुमच्याही घरी कुणीतरी जिन्यात बसत असेल.

परवा दुपारी ती वळणावर न थांबता वर आली. मी दारातच उभी होते.

सभेतल्या त्या आईचा नंबर मी घेतलाय. या रविवारी सकाळी १० वाजता रद्दीवाले काका काटा घेऊन आमच्या गेटपाशी थांबणार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. वर्तकनगर आणि आसपासचे जे कुणी वाचत असाल त्यांनी मुलांना आणि सोमवारचं दप्तर घेऊन या. त्यातलं काही काढून ठेवू नका, आहे तसंच आणा. वजनं वहीत लिहून घेऊ, मुलाची इयत्ता आणि मुलाचं वजनही शेजारी लिहू, आणि ती वही घेऊन आम्ही दोघी सोमवारी मुख्याध्यापकांकडे जाणार आहोत. अजून कुणी बरोबर येणार असाल तर खाली लिहा.