वेळासच्या टोपल्यांवरून: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या समुद्री कासवांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंत. दोन ओळींत भागण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कासवं दहा कोटी वर्षं माणसावाचून जगली, तेव्हा त्यांची अंडी उचलून कुंपणात पुरणं हा आगाऊपणा, पिल्लं समुद्रात सोडताना भरणारा कासव महोत्सव म्हणजे पुण्या-मुंबईच्या लोकांची सहल, ओडिशात कासवं लाखांनी येतात, मग कोकणातल्या मूठभर घरट्यांचं कौतुक कशाला, आणि 'हवामानबदल' हा शब्द हल्ली कशालाही चिकटवतात.

सहलीचं बऱ्याच अंशी मान्य. सकाळी घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलायच्या वेळी दोरीपाशी उंचावलेले मोबाइल मीही पाहिलेत. एकही पिल्लू निघालं नाही म्हणून 'आमचे पैसे वाया गेले' म्हणणारे गृहस्थही पाहिलेत. पण ती टोपली उचलणारा माणूस गावातलाच असतो, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी फिरत होते, तेव्हा वेळासच्या पुळणीवर त्यांना दिसली ती उकरलेली घरटी. अंडी खायला आणि विकायला जात होती. 2006 पासून महोत्सव सुरू झाला, पाहुण्यांची सोय घरोघरी होऊ लागली. अंड्यांपेक्षा उकडीच्या मोदकांचे पैसे बरे, हे गावानं स्वतः ताडलं. ते गणित बसलं नसतं, तर रात्री-अपरात्री किनारा चालायला कोण गेलं असतं?

आता अंडी हलवण्याबद्दल. ती उघड्यावर ठेवली तर कोल्हे आणि गावातली मोकाट कुत्री रात्रीत फडशा पाडतात. म्हणून घालून झाल्यावर काही तासांतच, न उलटवता, मूळ खड्ड्याइतक्याच खोलीवर पुरावी लागतात. उशीर झाला आणि अंडं फिरलं, तर आतला गर्भ मरतो. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, पिल्लं यायला साधारण 45 ते 60 दिवस. हे काम निष्काळजीपणे केलं तर नुकसानच, इथे तुमची शंका रास्त आहे.

हवामानाचा संबंध मात्र मी चिकटवलेला नाही, तो त्या अंड्यातच आहे. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण तीस अंशांच्या खाली नर जास्त, वर गेलं की माद्या. आणखी चढलं तर अंडं उकडून फुकट. नोव्हेंबर-डिसेंबरची घरटी थंडीत पोसली जातात. मार्चमधल्या घरट्याला एप्रिलचं ऊन सोसावं लागतं. 2019 मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' अशी दोन वादळं लागोपाठ आली, हे तुम्हाला आठवत असेल. अशा वादळांमुळे कासवांचा हंगाम उशिरा सुरू झाला, तर घरटी थेट तापल्या वाळूत जातात. म्हणून हॅचरीवर, म्हणजे अंडी पुरलेल्या त्या कुंपणावर, सावलीची जाळी धरणं हे आता नाजूकपणाचं राहिलेलं नाही.

'जुळवून घेतील' असं तुम्ही म्हणता. घेतील की! कसं, ते तुमच्याच ओडिशाच्या मुद्द्यात आहे. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर वल्ह्यासारख्या पायाला बिल्ला लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा! दहा कोटी वर्षांत समुद्र कितीदा वर-खाली झाला असेल, कासवं किनारे बदलत राहिली. पण तेव्हा मागे सरकायला वाळू होती. आज पुळणीच्या मागे काय आहे? धूप थांबवायला टाकलेल्या दगडांचा बंधारा, डांबरी रस्ता, त्यापलीकडे रात्रभर दिवे जळणारं रिसॉर्ट. बंधाऱ्यावर चढून घरटं करणारं कासव अजून जन्मायचंय. काही ठिकाणी वनीकरणाच्या नावाखाली पुळणीवर सुरूची झाडं लावून तीही जागा आपणच खाल्ली. मला हॅचरीपेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो. गावानं हवामानबदलावर काय करायचं, याचं कोकणातलं उत्तर निदान माझ्या मते हेच: बंधारा कुठे येणार, दिवे कुठे लागणार, हे ग्रामसभेत आधी विचारायचं. मूळ लेखात यावर एकच वाक्य होतं, बाकी सगळं पिल्लांच्या गोंडसपणावर खर्च झालं. ही चूक माझी.

मच्छीमारांना मी खलनायक केलं, हा आरोप मात्र पटत नाही. जाळ्यात कासव अडकलं आणि जाळं कापून ते सोडलं, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात 2018 च्या अखेरीपासून आहे, आणि जाळी कापणारे मच्छीमारच असतात. हे मी त्याच लेखात लिहिलं होतं. बहुधा तिथपर्यंत पोचायच्या आत तुमचा पारा चढला.

आणि हो, वेळास मी दापोली तालुक्यात टाकलं होतं. ते मंडणगडात. नाना फडणवीसांच्या गावाचा तालुका चुकवला म्हणून तुम्ही जे सुनावलंत, ते मुकाट्यानं ऐकून घेतलंय. दुरुस्ती केली आहे.